चित्र काढायला शिकताना: एक कप, तीन पेन्सिली आणि पहिले ३० दिवस

चित्र काढायला नव्याने बसणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: हात वळत नाही. पण ज्याला वाचता येईल असं अक्षर काढता येतं, त्याच्या हातात सुरुवातीच्या रेखाटनाला पुरेल इतकं कसब असतंच. अडतं ते नजरेपाशी. कपाची उंची रुंदीच्या किती पट आहे, त्याचा कान नेमका कुठून फुटतो, कडेची रेषा किती कललेली आहे, हे रोजच्या व्यवहारात पाहण्याची गरजच पडत नाही. ‘हा कप’ एवढी ओळख पटली की नजर पुढे सरकते. रेखाटन शिकायचं म्हणजे ही सवय मोडायची आणि तिच्या जागी मोजून, ताडून पाहण्याची सवय लावायची. म्हणून खालचा जवळजवळ प्रत्येक सराव चूक कशी शोधायची याचा आहे. चूक दिसली की दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात. ती दिसतच नसेल तर महिनोन् महिने तेच चित्र निघत राहतं.

रोज ३० मिनिटं धरा आणि समोर एक साधा, नक्षी नसलेला, फिक्या रंगाचा कप ठेवा. पुढचं बरंचसं शिक्षण त्याच्याभोवतीच होणार आहे.

साहित्य

तीन पेन्सिली पुरतात: एचबी, २बी आणि ४बी. पेन्सिलीच्या कांडीला आपण शिसं म्हणतो, पण ती ग्रॅफाइट आणि चिकणमातीची असते. ही दोन्ही कालवून भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये घेतलं. माती जास्त असेल तर कांडी कडक आणि रेषा फिकी, हा एच गट. ग्रॅफाइट जास्त असेल तर कांडी मऊ आणि रेषा काळी, हा बी गट. एचबी मांडणीसाठी, २बी बहुतेक सगळ्या कामासाठी आणि ४बी फक्त शेवटच्या गडद जागांसाठी वापरा. बारा पेन्सिलींचा संच सुरुवातीला घेऊच नये. चित्र बिघडलं की पेन्सिल बदलून पाहावंसं वाटतं आणि खरी चूक, जी बहुतेक वेळा प्रमाणात असते, तशीच राहते.

रेषांच्या सरावाला ८० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) साधा कोरा कागद चालतो. छटा भरायच्या असतील तर १०० ते १२० जीएसएमचा, किंचित खरखरीत कागद घ्या. ग्रॅफाइट कागदाच्या बारीक उंचवट्यांवर अडकून बसतं, त्यामुळे गुळगुळीत कागदावर कितीही घासलं तरी काळेपणा चढत नाही, नुसती चकाकी येते. महागडी, जाड पुठ्ठ्याची वही मात्र टाळा. पान खराब होईल या धास्तीने हात आखडतो आणि पहिल्या महिन्यात पानं खराब होणारच आहेत.

दोन खोडरबर ठेवा. एक नेहमीचा पांढरा, पुसण्यासाठी. दुसरा कणकेसारखा मळता येणारा. तो घासायचा नसतो, दाबून उचलायचा असतो. तो ग्रॅफाइट उचलून घेतो, त्यामुळे गडद झालेली छटा कागद न दुखावता हलकी करता येते. शिवाय एक कटर, बारीक सँडपेपरचा तुकडा, कागदापेक्षा थोडी मोठी कडक फळी आणि दोन क्लिपा.

शार्पनर टोक चांगलं काढतो, पण आखूड काढतो. छटांसाठी कटरने साधारण २ सेंमी लाकूड निमुळतं तासा आणि कांडी ६ ते ८ मिमी उघडी ठेवा. कटरची धार शरीरापासून लांबच्या दिशेला असावी. कटर जागेवर धरून पातं दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हलकेच पुढे ढकलायचं, म्हणजे ते निसटत नाही. मग कांडी सँडपेपरवर फिरवत घासा. लांब टोकाची पेन्सिल आडवी धरली की ६ मिमी रुंदीचा मऊ पट्टा एका फेरीत भरतो.

बसणं आणि पेन्सिल धरणं

फळी टेबलावर सपाट ठेवून काढलेली चित्रं जवळजवळ नेहमी लांबुडकी होतात. कारण साधं आहे. सपाट कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब असतो आणि तिरका दिसतो, म्हणून तो दबलेला भासतो. हात तो दबलेपणा भरून काढायला वरचा भाग नकळत ताणतो. कागद उचलून समोर धरला की ताणलेलं चित्र उघडं पडतं. फळीची खालची कड मांडीवर आणि मधला भाग टेबलाच्या कडेवर टेकवून ती इतकी तिरकी करा की नजर कागदावर जवळपास काटकोनात पडेल. वस्तू आणि कागद एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात हवेत. मान न वळवता फक्त डोळे हलवून दोन्ही दिसायला पाहिजेत. उजव्या हाताने काढणाऱ्याने दिवा डाव्या बाजूला ठेवावा, म्हणजे हाताची सावली रेषेवर पडत नाही.

लिहिताना धरतो तशी पकड बारकाव्यांसाठी ठीक आहे. मांडणीसाठी पेन्सिल टोकापासून ७-८ सेंमी मागे, तळहाताखाली आडवी धरा. या पकडीत जोर देताच येत नाही आणि सुरुवातीच्या रेषा फिक्या राहणं हेच आपल्याला हवं असतं. मनगटातून ३-४ सेंमीपर्यंतची रेषा सरळ येते. त्याहून लांब रेषेला कोपर आणि पानभर रेषेला खांदा लागतो. लांब रेषा मनगटातून ओढली की ती कंसासारखी वाकते.

रोजची पहिली ५ मिनिटं: रेषा

कागदावर १० सेंमी अंतरावर दोन ठिपके द्या. पेन्सिल कागदाला न टेकवता एका ठिपक्यावरून दुसऱ्यापर्यंत दोन-तीनदा हवेत फिरवा, मग टेकवून एका दमात ओढा. नजर पेन्सिलीच्या टोकावर न ठेवता पोहोचायच्या ठिपक्यावर ठेवायची. अशा २० रेषा आडव्या, उभ्या आणि तिरक्या काढा. ठिपका चुकला तरी रेषा सरळ असेल तर ते चांगलं लक्षण आहे, नेम आठवड्याभरात बसतो. उलट, ठिपका गाठण्यासाठी तुकड्यातुकड्याने जोडलेली केसाळ रेषा ही सवय लवकर मोडावी. त्या तुकड्यांमुळे आकाराची कड नेमकी कुठे आहे हे काढणाऱ्यालाच कळेनासं होतं. हाताला न जमणाऱ्या दिशेची रेषा असेल तर हात पिळण्याऐवजी सरावाचा कागद फिरवून घ्या.

ओळखीचा पडदा बाजूला सारण्यासाठी तीन सराव

डोळा काढा म्हटलं की नवशिका पानाचा आकार काढून मधोमध गोल ठेवतो. समोरच्या माणसाचा डोळा तसा नसतो, ते डोळ्याचं मनातलं चिन्ह असतं. अशी चिन्हं हाताला आधीपासून पाठ असतात आणि ती समोर दिसणाऱ्या आकाराच्या आड येतात. खालचे सराव ही पाठांतरं निरुपयोगी करतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक किमान दोनदा करा.

पहिला, न बघता रेखाटन. स्वतःचा दुसरा हात टेबलावर ठेवा, पेन्सिल कागदावर टेकवा आणि ५ मिनिटं कागदाकडे अजिबात पाहू नका. नजर बोटाच्या कडेवरून मुंगीच्या चालीने फिरवा आणि तेवढ्याच वेगाने पेन्सिल सरकू द्या. चित्र विस्कटलेलं निघेल, त्याने काही बिघडत नाही. नखाजवळची वळी, सांध्यावरच्या आडव्या सुरकुत्या अशा एरवी न दिसणाऱ्या गोष्टी कागदावर आल्या असतील तर सराव जमला. ५ मिनिटांत एकच बोट झालं असेल तर उत्तम. पूर्ण हात झाला असेल तर नजर धावली आहे, पुन्हा करा.

दुसरा, उलटं चित्र. एखादं रेषाचित्र उलटं ठेवून तसंच उलटं उतरवा. नाक, ओठ, बाही असे शब्द मनात येऊ द्यायचे नाहीत. ‘ही रेषा कागदाच्या कडेपासून किती लांब, हा कोपरा त्या कोपऱ्याच्या किती खाली’ एवढंच विचारायचं. याला ३० ते ४० मिनिटं लागतात, म्हणून ते दोन दिवसांत विभागा. पूर्ण झाल्याशिवाय कागद सुलटा करू नका. अर्ध्यावर सुलटा केला की चेहरा ओळखू येतो आणि उरलेलं चित्र पुन्हा पाठांतरातून निघतं.

तिसरा सराव सर्वांत जास्त उपयोगी आहे: रिकाम्या जागेचं चित्र. खुर्ची समोर ठेवा आणि खुर्ची न काढता तिच्या दांड्यांमधल्या, पायांमधल्या पोकळ्या काढा. खुर्ची कशी असते याच्या कल्पना डोक्यात भरलेल्या असतात, पोकळीबद्दल मात्र कसलीच कल्पना नसते, म्हणून ती जशी दिसते तशी उतरते. पोकळ्या बरोबर आल्या की खुर्ची आपोआप बरोबर येते, कारण दोघांची कड एकच आहे. कपाच्या कानाच्या आतली जागाही अशीच काढायची.

पेन्सिलीने माप घेणं

हात पूर्ण ताठ करा, कोपर आवळा, एक डोळा मिटा. पेन्सिल समोरच्या काचेच्या तावदानावर चिकटवल्यासारखी धरा, म्हणजे तिचं टोक वस्तूकडे किंवा तुमच्याकडे झुकता कामा नये. पेन्सिलीचं टोक कपाच्या एका कडेवर आणि अंगठ्याचं नख दुसऱ्या कडेवर आणा. ही झाली कानाशिवायची रुंदी. नख न हलवता पेन्सिल उभी करा आणि ही रुंदी उंचीत किती वेळा बसते ते पाहा. समजा सव्वा वेळा बसली. मग कागदावर कप कितीही मोठा काढा, त्याची उंची रुंदीच्या सव्वापट हवी. सेंटिमीटर मोजायचे नाहीत, मोजायची ती पट.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. कोपर थोडंसं वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप बदलतं, त्यामुळे पहिलं माप एका अंतरावरचं आणि दुसरं दुसऱ्याच अंतरावरचं होतं. दुसरी चूक म्हणजे पेन्सिलीवरचं माप जसंच्या तसं कागदावर टेकवणं. चित्र त्याच आकाराचं काढायचं असेल तर ते चालतं, पण बहुतेक वेळा ते फार लहान होतं आणि लहान चित्रात चुका लपतात. कप किमान १२ सेंमी उंच काढा.

कोन घेण्यासाठी पेन्सिल वस्तूच्या तिरक्या कडेवर जुळवा आणि मनगट तसंच ठेवून हात कागदासमोर आणा. तिरकेपणा घड्याळाच्या काट्यावरून लक्षात ठेवणं सोपं जातं: ‘एक वाजताचा काटा’, ‘साडेअकराच्या आसपास’. आणि उभी पेन्सिल ओळंब्यासारखी धरून कोणाच्या बरोबर खाली काय येतं ते पाहा. कानाचं बाहेरचं टोक बशीच्या कडेच्या आत पडतं की बाहेर? अशी एक उभी रेषा बऱ्याचदा दहा मापांचं काम करते.

कप, पायरीपायरीने

कप सुमारे ६०-७० सेंमी अंतरावर, नजरेच्या थोडा खाली ठेवा. एकदा बसलात की खुर्ची हलवू नका. डोकं ५ सेंमी खाली-वर झालं तरी कपाचा काठ वेगळा दिसतो.

१. चित्राची वरची आणि खालची हद्द दोन लहान आडव्या खुणांनी ठरवा. हे न करता वरून काढत गेल्यास बूड कागदाबाहेर जातं.

२. मधून एक उभा अक्ष एचबीने फिका ओढा. कप त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा असणार आहे.

३. मोजलेली पट वापरून रुंदी ठरवा आणि पूर्ण कपाभोवती चौकट आखा. आता थांबा आणि पट पुन्हा मोजा. या पायरीवरची चूक पुढे कुठलीही शेडिंग झाकू शकत नाही.

४. वरच्या काठाचं लंबवर्तुळ. त्याची रुंदी आणि जाडी (म्हणजे लंबवर्तुळ वरपासून खालपर्यंत किती उघडं दिसतं ते) यांची पट वेगळी मोजा. काठाची जाडी रुंदीच्या एक चतुर्थांश दिसत असेल तर तेवढीच हवी. आत दिसतं म्हणून नवशिके तो काठ दुप्पट उघडा काढतात.

५. बुडाचं लंबवर्तुळ पूर्ण काढा, न दिसणारा मागचा भागसुद्धा. तो नंतर पुसायचा आहे.

६. दोन्ही बाजूंच्या कडा जोडा. कपाची बाजू सरळ आहे की पोट सुटलेलं आहे हे रिकाम्या जागेवरून तपासा.

७. कान. तो काठाच्या किती खाली चिकटतो आणि बुडाच्या किती वर सुटतो, हे उंचीच्या भागांत मोजा. आधी आतली पोकळी काढा, मग बाहेरची कड.

लंबवर्तुळाकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं, कारण कप, घागर, चाक, टोपी, बाटली या सगळ्यांत तेच बसलेलं असतं. गोल काठ नजरेच्या अगदी पातळीवर असेल तर सरळ रेघ दिसतो आणि जसजसा खाली जातो तसतसा उघडत जातो. म्हणून वरून पाहिलेल्या कपाचं बूड काठापेक्षा नेहमी जास्त गोलाई घेतं. नवशिक्यांच्या चित्रात नेमकं उलटं असतं. काठ भलताच उघडा आणि बूड सपाट रेघ, कारण कप सपाट टेबलावर बसला आहे हे त्यांना माहीत असतं. माहीत असलेलं दिसणाऱ्यावर मात करतं ते असं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन्ही बाजूंना होडीसारखी टोकं. लंबवर्तुळाला कुठेही टोक नसतं, सर्वांत कडेलाही ते लहानशा गोलाईने वळतं. कोपरातून हात फिरवत हलक्या हाताने दोन-तीन फेऱ्या मारा आणि त्यांतली बरोबर फेरी गडद करा. आडव्या पडलेल्या कपाच्या बाबतीत एक नियम लक्षात ठेवा: लंबवर्तुळाचा आखूड अक्ष कपाच्या लांबीच्या अक्षावरच येतो. तो तिरका गेला की कप मुरगळल्यासारखा दिसतो.

खोका आणि यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह)

दुसऱ्या आठवड्यात कपाशेजारी बुटांचा खोका ठेवा, त्याचा एक कोपरा तुमच्याकडे येईल असा. एकमेकींना समांतर असलेल्या आणि आपल्यापासून दूर जाणाऱ्या कडा जवळ येत येत एका बिंदूत मिळताना दिसतात. आडव्या कडांचे हे बिंदू आपल्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे क्षितिजरेषेवर असतात. कोपरा समोर असलेल्या खोक्याला असे दोन बिंदू लागतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. उभ्या कडा उभ्याच राहतात.

पुस्तकी आकृत्यांत दोन्ही बिंदू कागदावरच दाखवलेले असतात आणि त्यातून एक मोठी अडचण तयार होते. बिंदू फार जवळ घेतले की खोका ताणलेला, धारदार दिसतो. याची सोपी परीक्षा आहे. खोक्याच्या वरच्या पृष्ठाचा आपल्या सर्वांत जवळचा कोन चित्रात ९० अंशांपेक्षा मोठा असायला हवा. तो लहान निघाला तर बिंदू आणखी लांब न्या, गरज पडली तर कागदाबाहेर टेबलावर चिकटपट्टी लावून खूण करा. प्रत्यक्ष वस्तू समोर असेल तर बिंदू शोधत न बसता पेन्सिलीने एकेक कडेचा कोन घेणं जास्त बरं. यथार्थदर्शनाचा नियम मग तपासणीसाठी वापरायचा: दूर जाणाऱ्या कडा एकमेकींजवळ येतात की फाकतात? फाकत असतील तर चूक तिथेच आहे.

दिसणारं दृश्य कागदावर उतरवण्यासाठी चौकटीची मदत घेणं हे फार जुनं आहे. लिओन बात्तिस्ता आल्बेर्ती या इटालियन वास्तुविशारद-लेखकाने १४३५ मध्ये विरळ विणीचा पडदा डोळा आणि वस्तू यांच्या मध्ये ताणून त्यातल्या जाड दोऱ्यांच्या चौकोनांवरून आकार उतरवायची रीत सांगितली होती. पुठ्ठ्यात १२ × ९ सेंमीची खिडकी कापून तिच्यावर मध्यभागी एक उभा आणि एक आडवा दोरा ताणला तर तेच काम होतं. कागदावरही त्याच प्रमाणात, समजा २४ × १८ सेंमीची चौकट आखा आणि तिचे तसेच चार भाग करा. ही मदत घेण्यात कमीपणा नाही, फक्त नंतर एकेक दोरा काढून टाकत जा.

छायाप्रकाश

छटांकडे घाईने येऊ नका. प्रमाणात चुकलेला कप सुंदर शेडिंगनेही चुकलेलाच राहतो, वर पुसणं अवघड होतं.

आधी २ सेंमीचे पाच चौकोन एका ओळीत काढा. पहिला कोरा ठेवा, पाचवा ४बीने जमेल तितका गडद करा, मग तिसरा बरोबर मधला, आणि शेवटी दुसरा व चौथा. डोळे बारीक करून पाहा. दोन शेजारचे चौकोन एकजीव झाले तर त्यांच्यातला फरक कमी पडला आहे. पाच नीट जमल्याशिवाय नऊ छटांच्या मागे लागू नका.

दिवा एकच हवा, बाजूने आणि थोडा वरून, साधारण ४५ अंशांत. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, नाहीतर दोन-दोन सावल्या पडतात आणि वस्तूची गोलाई विरघळून जाते. कपाकडे जाण्याआधी एकदा अंडं किंवा चकाकी नसलेला पांढरा चेंडू काढा. त्यावर सगळे भाग स्पष्ट दिसतात: उजळ बाजू, प्रकाश तिरका पडतो तिथली मधली छटा, जिथे प्रकाश संपतो तिथला सर्वांत गडद पट्टा, त्यापलीकडे टेबलावरून उसळून आलेला मंद परावर्तित प्रकाश, आणि टेबलावरची पडछाया. ही पडछाया वस्तू टेकते तिथे सर्वांत गडद आणि काटेकोर असते. दूर जाताना ती फिकी आणि कडेला मऊ होते.

यात परावर्तित प्रकाश सर्वांना फसवतो. गडद पट्ट्याशेजारी असल्यामुळे तो आहे त्यापेक्षा उजळ भासतो आणि नवशिका तिथे कागद कोरा सोडतो. मग चेंडू धातूचा किंवा काचेचा वाटू लागतो. नियम पक्का ठेवा: छायेतली सर्वांत उजळ जागासुद्धा प्रकाशातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा गडदच हवी. शंका आली की डोळे अर्धवट मिटा. बारकावे नाहीसे होतात आणि प्रकाश आणि छाया असे दोनच मोठे गट उरतात. त्या दोन गटांची सीमा आधी फिकी आखा आणि पूर्ण छायेच्या गटात एकच सपाट छटा भरा. त्यानंतरच आत गडद-फिकं करायला जा.

भरताना एचबीचा थर, त्यावर २बी, शेवटी ४बी. कडक पेन्सिल जोराने दाबली तर कागदावर चर पडतो. तो पुसून जात नाही, उलट वर छटा भरली की पांढरी रेघ होऊन उठतो. बोटाने घासून छटा मिसळू नका. त्वचेचा तेलकटपणा कागदात उतरतो आणि तिथे डाग पडतो. जवळजवळच्या समांतर रेषा, त्यांवर थोड्या वेगळ्या कोनातल्या रेषा, अशाने मिळणारी छटा स्वच्छ राहते. तळहाताखाली कोरा कागदाचा तुकडा ठेवा. आणि कपाभोवतीची काळी बाह्यरेषा आता हळूहळू विरू द्या. वस्तूला काळी किनार नसते, एक छटा संपून दुसरी सुरू होते तिथे कड दिसते. छायेतली बाजू आणि मागची गडद भिंत एकजीव होत असेल तर तिथे रेषा काढूच नका.

चेहऱ्याची घाई झाली असेल तर

होतेच, म्हणून एवढंच. डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या. नवशिके ते वर सरकवतात, कारण कपाळ आणि केसांकडे नजर थांबत नाही. दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण एका डोळ्याएवढं. केसांची रेषा ते भुवई, भुवई ते नाकाचं बूड, नाक ते हनुवटी हे तीन भाग जवळपास सारखे. कान भुवई आणि नाकाच्या बुडादरम्यान. उभं प्रौढ माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास, तर नवजात बाळ चार डोक्यांएवढं. ही सरासरी मापं आहेत. समोरचा माणूस त्यांपासून कुठे वेगळा आहे हे मोजलं की त्याचं साम्य येऊ लागतं.

फोटोवरून काढताना एक धोका असतो. फोन तोंडाजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ते कितीही अचूक उतरवलं तरी माणूस ओळखीचा वाटत नाही. फोटोच वापरायचा असेल तर दीड-दोन मीटरवरून घ्या.

चूक दिसण्यासाठी

स्वतःच्या चित्राला नजर २० मिनिटांत सरावते आणि मग वाकडं सरळ दिसू लागतं. कागद आरशात पाहा. लिओनार्दो दा विंची यानेही आपल्या टिपणांत चित्रकारांना हाच सल्ला दिला आहे. आरशात चित्र उलटतं आणि झुकलेला अक्ष, कमी-जास्त खांदे, फुगलेली बाजू चटकन उघडी पडते. आरसा नसेल तर कागद उलटा करा, किंवा भिंतीला टेकवून दोन मीटर मागे जा.

चूक दिसली की लगेच रबर उचलू नका. आधी चुकलेल्या रेषेशेजारी बरोबर रेषा काढा, मग जुनी पुसा. आधी पुसलं तर हात पुन्हा त्याच जागी जातो, कारण तुलना करायला समोर काहीच उरत नाही.

३० दिवसांची मांडणी

रोजची ३० मिनिटं अशी: ५ रेषा आणि लंबवर्तुळांना, २० मुख्य कामाला, शेवटची ५ फक्त तपासणीला. तपासणीत कागदाच्या मागे एकच ओळ लिहा: ‘बूड सपाट’, ‘कान फार वर’, ‘उंची दीडपट झाली, हवी सव्वापट’. ‘चांगलं नाही आलं’ असं लिहिण्याचा काही उपयोग नाही, त्यातून उद्या काय करायचं ते कळत नाही.

पहिल्या दिवशी कुठलंही माप न घेता कप काढून ठेवून द्या. पहिला आठवडा पाठांतर मोडणाऱ्या तीन सरावांना. दुसरा माप, कप आणि खोका यांना, इथे सर्वांत जास्त कंटाळा येतो आणि सर्वांत जास्त प्रगती होते, त्यामुळे वाटलं तर हा टप्पा दहा दिवसांचा करा. मग छटांची पट्टी, अंडं आणि एका दिव्यातला कप. शेवटच्या चार-पाच दिवसांत दोन-तीन वस्तू एकत्र ठेवा. तेव्हा प्रत्येक वस्तूचं बूड टेबलावर किती खोलवर येतं ते बघा. दोन वस्तूंच्या बुडांची लंबवर्तुळं एकमेकांत घुसत असतील तर त्या प्रत्यक्षात एकाच जागी बसूच शकत नाहीत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी एक तास बसू नका, नेहमीची ३० मिनिटंच करा.

तिसाव्या दिवशी तोच कप त्याच जागी, त्याच उजेडात ठेवून काढा, पहिलं चित्र न पाहता. मग दोन्ही शेजारी ठेवा आणि पट, काठाची जाडी, बुडाची गोलाई, कानाची पोकळी या क्रमाने ताडून बघा. जी चूक अजून शिल्लक आहे, पुढच्या महिन्याचा सराव तिथून सुरू करा.